ग्वांगबी वहिनीचा गोड काढा

माझ्या मोठ्या वहिनीच्या, ग्वांगबीच्या, हातच्या टोफूचं आमच्या गावात नाव होतं, पण ते हात गिऱ्हाइकांनी कधी पाहिले नव्हते. दुकानाची फळी उघडायच्या आधी ती बाह्या मनगटापर्यंत ओढून घ्यायची, ऐन उन्हाळ्यातसुद्धा. मनगटापासून कोपरापर्यंत आणि गुडघ्यांच्या मागे तिला कोरडं इसब होतं. कातडी जाड, राखाडी. थंडीत ती तडकायची आणि सोयाबीनचं पाणी त्या भेगांत गेलं की वहिनी दात आवळून "स्स" करायची. एवढंच. दळताना खाज सुटली तर जात्याच्या लाकडी खांबाला हात घासायची आणि पुन्हा कामाला लागायची.

ती लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत जात होते. दोनतीन वर्षांत हे दुखणं सुरू झालं आणि पुढे दहाबारा वर्षं चाललं. आमची आई म्हणायची, "टोफूवालीचे हात असेच असायचे. माझे काय गुलाबाचे होते?" मोठा दादा शिचुंग काहीच म्हणायचा नाही. तो कशालाच काही म्हणायचा नाही.

मग धाकट्या दादाचं, शिमिंगचं, लग्न झालं आणि पेइरोंग घरात आली. नदीच्या खालच्या अंगाच्या गावातली, गोरीपान, कातडी कशी सोललेल्या अंड्यासारखी. आईनं दुसऱ्याच आठवड्यात तिला दुकानात पुढं बसवलं. "चेहरा बघून गिऱ्हाईक थांबतं," आई म्हणाली. ग्वांगबी मागं, चुलीच्या धुरात आणि वाफेत. पहाटे उठून सोयाबीन दळायचं, दूध गाळायचं, उकळायचं, विरजवायचं, दाबायचं, सगळं तिनं करायचं आणि पेइरोंगनं सुरीनं चौकोन कापून हसत द्यायचे. वर्षाच्या आत बाजारात लोक म्हणायला लागले, "पेइरोंगकडनं टोफू आण." ग्वांगबीनं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी शेजारी होते. दाबाच्या फळीवर तिनं नेहमीपेक्षा एक धोंडा जास्त ठेवला. त्या दिवशीचा टोफू विटेसारखा झाला.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी पेइरोंगला पुरळ उठलं. आधी मानेवर, मग कानांमागे, मग कोपरांच्या आतल्या बाजूला. लालभडक, आणि खाजवलं की पाणी सुटायचं. तिनं आरसा गादीखाली ठेवला आणि रडून घर डोक्यावर घेतलं. आई तिच्या उशाशी बसली. शिमिंगदादा तिला सायकलवर मागं बसवून पुलापलीकडच्या लुओ वैद्यांकडे घेऊन गेला.

ग्वांगबी नांदीत हात घालून सोयाबीन धूत होती. सायकल गल्लीच्या वळणाआड जाईपर्यंत ती बघत राहिली.

"माझ्यासाठी सायकल राहू दे, शिलान," ती मला म्हणाली, "इतक्या वर्षांत कुणी पायात चप्पलसुद्धा घातली नाही."

"मग तूही चल ना वहिनी. मी येते बरोबर."

"मी कशाला? मी पुढं बसते का, चेहरा दाखवायला?"

पण दुसऱ्या दिवशी दुकान आटोपल्यावर ती धुतलेलं जाकीट घालून माझ्यासमोर उभी राहिली. "चल. बघू तरी काय दिलंय तिला."

लुओ वैद्य तेव्हा साठीचे असतील. दुकानात लाकडी खणांची भिंत, आणि बाहेर बाकावर पाचसात माणसं कायम. त्यांनी ग्वांगबीची बाही स्वतः वर सरकवली, आणि बाकावरची माणसं वाकून बघायला लागली. मग जीभ पाहिली, दोन्ही मनगटांवर बोटं ठेवून बराच वेळ नाडी पाहिली.

"इतके दिवस कुठं होतीस, बाई?"

"घरात," वहिनी म्हणाली.

"रक्त कोरडं पडलंय तुझं. ओलावा कातडीपर्यंत पोचतच नाही. अंगात भर घालावी लागेल, हळूहळू."

"आणि माझ्या धाकट्या जावेचं? तिला काय झालंय?"

"तिच्यात उष्णता आणि ओल कोंडलीय. ती काढून टाकायची."

"म्हणजे दोघींना इसबच, आणि औषध मात्र वेगळं?"

"इसब एक असलं तरी माणसं दोन आहेत."

"लवकर कोण बरी होईल?"

वैद्य हसले. "रिकामं करायला वेळ लागत नाही. भरायला लागतो."

येताना पुलावर ती म्हणाली, "ऐकलंस? तिला लवकर बरी करणार म्हणे."

दोघींची पथ्यं निघाली. पेइरोंगला मिरची बंद, तिरफळाचं तेल बंद, मासे, कोळंबी, मटण बंद. आमच्याकडे मिरची-तिरफळाशिवाय जेवायचं म्हणजे घरात मयत झाल्यासारखंच. ती बिचारी पांढऱ्या भातावर उकडलेला कोबी घेऊन बसायची आणि आमच्या ताटांकडे बघायची. ग्वांगबीला उलट खायला सांगितलं होतं. काळे तीळ भाजून कुटून, लाल बोरं, हाडांचं सूप. वैद्यांनीच सांगितलंय म्हटल्यावर आईला आणावं लागलं. कधी नव्हे ते आई वाटीत तीळ घालून मोठ्या सुनेच्या हातात द्यायची. ग्वांगबी ते उभ्या उभ्या खायची, औषध खातात तसं.

काढे दोघींचे ग्वांगबीच करायची, कारण चूल तिच्या हातात आणि सगळ्यांच्या आधी उठणारी तीच. दोन मातीची भांडी. एकात तांगक्वेईची मुळं, ज्येष्ठमध, आणखी काय काय काळी चिकट मुळं. त्याचा काढा डांबरासारखा काळा व्हायचा, पण वास गोडसर, पहिला घोट तुरट आणि मग जिभेवर गोडवा. तो तिचा. दुसऱ्यात पिवळ्या साली, कडू मुळं आणि उन्हाळ्यात झाडावर ओरडणाऱ्या किड्यांची कात, पायांसकट अख्खी. तो पिवळाधम्मक काढा इतका कडू, की पेइरोंग नाक दाबून प्यायची आणि मग अंगणभर फिरायची. तीच मुळं तिसऱ्यांदा उकळून त्या पाण्यानं अंग धुवायचं.

आणि चोथा रस्त्यावर टाकायचा. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांखाली तुडवला गेला की दुखणं त्यांच्याबरोबर निघून जातं, असं आमच्याकडे मानतात. ग्वांगबी दोन्ही चोथे दाराबाहेर टाकायची, दोन बाजूंना दोन. आणि मग दळता दळता तिची नजर बाहेर. एकदा म्हणाली, "बघ, तिच्यावरून सगळे चालतात. माझ्या बाजूनं कुत्रंसुद्धा जात नाही."

"तू तो भिंतीकडे टाकतेस, वहिनी."

दुसऱ्या दिवशी तिनं आपला चोथा मधोमध टाकला. त्या सकाळी गल्लीत एक म्हैस आली आणि बरोबर दोन पावलं अलीकडे थांबून मागं फिरली. ग्वांगबी दिवसभर कुणाशी बोलली नाही.

महिन्याभरात पेइरोंगची मान सुकली. पुढच्या महिन्यात कानांमागची खपली पडली आणि आत गुलाबी नवी कातडी आली. आरसा गादीखालून बाहेर निघाला. गिऱ्हाइकं म्हणायची, "अगं, तू तर आधीपेक्षा उजळ दिसतेस." ती मान तिरकी करून दाखवायची. आणि मागं ग्वांगबीचे हात होते तसेच. खाज थोडी कमी होती, असं मला वाटायचं, कारण खांबाला घासणं कमी झालं होतं. पण ती ते कबूल करायची नाही.

"मला पाणी पाजतोय तो वैद्य," ती म्हणायची. "गोड कुठं औषध असतं का? औषध कडूच असतं. खरं औषध तिला आणि मला मुळांचं सूप. हिचं वय झालं, हिला कोण बघणार बरी होऊन, असं वाटलं असेल त्याला."

"वहिनी, त्यांनी सांगितलं होतं ना की वेळ लागेल."

"तिला किडे घातले. माझ्यात एक तरी किडा दिसला तुला?"

तिच्या पोटात काय जळत होतं ते मला दिसत होतं, पण ती पुढे काय करणार ते माझ्या डोक्यातही आलं नाही.

तिनं केलं ते अगदी सोपं होतं. दोन भांडी, दोन वाट्या. एका सकाळी तिनं पिवळा काढा स्वतःच्या वाटीत ओतला आणि काळा पेइरोंगच्या. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. पेइरोंग खोलीतून डोळे चोळत यायची, वाटी उचलायची आणि प्यायची. काही बोलली नाही. ग्वांगबीला वाटलं, झोपेत आहे पोरगी, हिला काय कळतंय.

आठवडा सव्वा आठवडा गेला आणि ग्वांगबीचं पोट बिघडलं. जेवण जाईना, हातपाय गार, दिवसातून चारदा मागच्या अंगणात पळायची. मुळ्याचं लोणचं बाधलं म्हणून सांगायची. चेहरा खोबऱ्यासारखा पांढरा पडला. हातांची खाज दुप्पट झाली आणि तडकलेल्या भेगांतून रक्त यायला लागलं. तरी ती पीत राहिली. मला नंतर म्हणाली, "वाटलं, कडू औषध लागतंय अंगाला. घाण निघतेय बाहेर."

तिकडे पेइरोंगच्या नाकातून दोनदा रक्त आलं, आणि मग मानेवर तेच लाल चट्टे, तेच पाणी. यावेळी गालापर्यंत.

ते चट्टे पहिल्यांदा दिसले त्या दुपारी ग्वांगबी पोट धरून बसली होती. पेइरोंग आत रडत होती. ग्वांगबीनं मला भात वाढायला सांगितला आणि कितीतरी दिवसांनी वाटीभर जेवली. मी विचारलं, "बरं वाटतंय का?" तर म्हणाली, "हो, आज बरं वाटतंय." मग तिनं वाटी खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि एकदम उठून अंगणात गेली. मला वाटलं, पोटासाठी. पण ती नुसतीच तिथं पेरूच्या झाडाखाली उभी होती.

शिमिंगदादा भडक डोक्याचा. तो सरळ लुओ वैद्यांच्या दुकानात गेला आणि बाकावरच्या सगळ्या माणसांसमोर ओरडला, "आधी बरं करायचं आणि मग पुन्हा उठवायचं. पुड्या खपवायचा धंदा चांगला आहे तुमचा." दोन गिऱ्हाइकं त्याच वेळी उठून गेली. संध्याकाळपर्यंत चहाच्या दुकानांतून गोष्ट पुलाच्या अलीकडे आली. लुओ वैद्यांचं औषध उलटतं, लुओ वैद्यांची नजर गेलीय, लुओ वैद्य खणांतल्या जुन्या मुळ्या देतात. चहाच्या दुकानात एकदा बसलेली गोष्ट उठत नाही.

चौथ्या दिवशी वैद्य स्वतः आमच्या घरी आले. बरोबर कुणी नव्हतं. चेहरा उतरलेला, रात्री झोप नसावी. पेइरोंगची जीभ पाहिली, पुन्हा पाहिली, नाडी धरून बसले. मी आणि ग्वांगबी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या.

"हे असं व्हायला नको होतं," ते म्हणाले. "मुली, मिरची खाल्लीस? कोळंबी? खरं सांग."

"नाही."

"दारू?"

"नाही हो."

त्यांनी डोकं खाजवलं. "औषधाची चव कशी लागते आता? पहिल्यासारखीच?"

माझ्या शेजारी ग्वांगबीनं दाराची चौकट धरली.

पेइरोंगनं एकदा आमच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "कडूच की. विषासारखी कडू."

वैद्यांनी तिचं मनगट हळूच खाली ठेवलं. मग "माझंच काहीतरी चुकलं असेल, मी पुन्हा विचार करतो," असं म्हणून उठले. आईनं चहा दिला तोही घेतला नाही. उंबऱ्यावर त्यांना पायरी दिसली नाही आणि ते जरा धडपडले.

ते गेल्यावर ग्वांगबी मागच्या खोलीत जात्यापाशी जाऊन बसली. मी दुधाचं फडकं पिळत होते. थोड्या वेळानं पेइरोंग आली आणि दारातच उभी राहिली.

"खोटं का बोललीस?" ग्वांगबीनं खाली बघतच विचारलं.

"तुम्ही वाट्या का बदलल्या, ताई?"

"तुला माहीत होतं?"

"मला जीभ आहे. दोन महिने विष प्यायले आणि एका सकाळी गोड लागलं. न कळायला मी काय दगड आहे?"

"मग प्यायलीस कशाला? फेकायची होतीस माझ्या तोंडावर."

पेइरोंग आत आली. मग जात्याच्या कडेवर बसली आणि मानेवरची जखम सांभाळत म्हणाली, "मला तुमचं हवं होतं."

"काय हवं होतं?"

"तांगक्वेई. तीळ. बोरं. आई तुम्हाला हातात वाटी देतात. मला म्हणतात, कोबी खा. मला वाटलं, मोठीला पौष्टिक औषध सांगितलंय, घर तिचं, चूल तिची, भांडारघराच्या किल्ल्या तिच्याकडे. मी काय, पुढं बसवलेली बाहुली. तुमच्या हाताला चव आहे, लोक तुमचा टोफू खातात आणि माझं तोंड बघतात. तोंड गेलं तर माझ्याकडे राहिलं काय? वाटी बदललेली कळली तेव्हा मी मनात म्हटलं, बरं झालं. आता हिची ताकद मला मिळू दे."

ग्वांगबी तिच्याकडे बघत राहिली. "माझा हेवा करायचीस तू? माझा?"

"मग कुणाचा करू? शिलानचा?"

मी फडकं पिळतच राहिले.

"हे बघ," ग्वांगबीनं दोन्ही बाह्या एकदम वर केल्या. भेगांतलं रक्त सुकून काळं झालं होतं. "याचा हेवा?"

पेइरोंगनं ते हात कधी इतक्या जवळून पाहिले नव्हते. तिनं बोट पुढं केलं आणि मागं घेतलं. "दुखतं?"

"नाही, गुदगुल्या होतात," ग्वांगबी म्हणाली. आणि मग थोड्या वेळानं, "तुझे चट्टे परत आले ना, त्या दिवशी मी पोटभर जेवले. तुला माहीत असू दे."

"मला वाटलंच होतं."

"कसं काय?"

"तुम्हाला जुलाब लागले तेव्हा मीही हसले. उशीत तोंड खुपसून."

 मग ग्वांगबी उठली, जाकीट घातलं. "त्या म्हाताऱ्याचं नाव गेलंय गावात. मी जाऊन सांगते सगळ्यांसमोर."

"एकट्याच? म्हणजे सगळा मोठेपणा तुम्हालाच."

"यात कसला मोठेपणा, बाई?"

"ते मला माहीत नाही. पण मी येणार."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून दोघी पुलापलीकडे गेल्या, मागून मी. बाकावर तीनच माणसं होती. ग्वांगबीनं सांगितलं की वाट्या मी बदलल्या. पेइरोंगनं सांगितलं की मला कळलं होतं आणि मी प्यायले, आणि काल तुमच्याशी खोटं बोलले. शिमिंगदादाच्या वतीनं माफीही दोघींनीच मागितली, कारण तो स्वतः यायला तयार नव्हता.

लुओ वैद्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग इतके चिडले की हातातला तराजू टेबलावर आपटला. "चार दिवस मी एकेक खण उपसून मुळ्या हुंगतोय. मला वाटलं, माझी नजर गेली, हात गेला. बायकोला म्हटलं, दुकान बंद करू या. आणि तुम्ही दोघी घरात वाटी-वाटी खेळताय? जीव गेला असता एखादीचा."

"हो," ग्वांगबी म्हणाली.

"हो काय हो. आता घरी काढा नाही. दोघींनी इथं यायचं. माझी बायको उकळेल, माझ्यासमोर प्यायचं आणि मग जायचं."

तसंच झालं. उरलेला उन्हाळा आणि पूर्ण पावसाळा दोघी टोफू विकून झाल्यावर पुलापलीकडे जायच्या. बाकावर शेजारी शेजारी बसून आपापली वाटी प्यायच्या. बघायला लोक यायचे आणि आलेच आहोत तर म्हणून नाडी दाखवून जायचे. वैद्यांचं दुकान पहिल्यापेक्षा भरलं. चहाच्या दुकानात नवी गोष्ट मिळाल्यावर जुनी कुणी काढली नाही. "आज कुणाची वाटी मोठी?" असं लोक विचारायचे, आणि दोघी खरंच एकमेकींच्या वाटीत डोकावून बघायच्या.

पेइरोंग थंडीच्या आधी बरी झाली. कोळंबी खाल्ली तर अजून मान लाल होते, आणि ती खातेच. ग्वांगबीला दीड वर्ष लागलं. आधी खाज गेली, मग खपल्या, मग कातडी पातळ झाली. पुढच्याच्या पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी ती अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून पुढच्या फळीपाशी उभी राहिली आणि स्वतः टोफू कापून दिला. तडकायचं मात्र थंडीत थोडंफार राहिलं, ते वैद्यांनाही जमलं नाही. पेइरोंगनं त्या दिवशी मागं वाफेत बसून दूध गाळलं आणि घाम पुसत मला म्हणाली, "फार मिरवतायत. दंड काही इतके गोरे नाहीत."

हेवा संपला असं मी म्हणणार नाही. भावांच्या वाटण्या झाल्या, एकाच रस्त्यावर दोन दुकानं झाली आणि दोघी एकमेकींचा टोफू मुलांकरवी आणवून चाखत राहिल्या. पेइरोंगची मुलगी छंगतूला शिकायला गेली तेव्हा ग्वांगबी तीन दिवस दुकानाबाहेर पडली नाही. ग्वांगबीच्या मुलानं तिमजली घर बांधलं तेव्हा पेइरोंगला तो रस्ताच आवडेनासा झाला. लुओ वैद्य वारले तेव्हा मात्र दोघी डोक्याला सुतकाच्या पांढऱ्या फिती बांधून शेजारी शेजारी चालल्या. कोण जास्त रडलं, यावर पुढे दोन महिने वाद झाला.

आता ग्वांगबी सत्तरीच्या पुढे आहे. मी गेले की ती आधी माझ्या मुलाबाळांचं विचारते, मग इकडचं तिकडचं, आणि मग सहज विचारल्यासारखं करते.

"पेइरोंग कशी आहे?"

"छान आहे."

"छान? काहीच होत नाही तिला?"

"गुडघे दुखतात. जिना चढवत नाही."

"दुखतात ना," ती म्हणते, आणि तिच्या जिवात जीव येतो. मग उठून आतून कागदात बांधलेल्या लेपाच्या दोन पुड्या आणते. "हे नेऊन दे तिला. रात्री बांधायचा म्हणावं, दिवसा नाही. आणि मी दिलाय म्हणून सांगू नकोस, नाहीतर मुद्दाम दिवसा बांधेल."